राज्यघटनेत मोजलेले उतार: न्यूयॉर्कच्या व्हाइटफेस स्की केंद्राचे प्रकरण

स्की-मार्ग किती रुंद कापायचा, हे बहुतेक ठिकाणी मालक आणि अभियंता मिळून ठरवतात. न्यूयॉर्क राज्यातल्या व्हाइटफेस पर्वतावर ते राज्यघटनेने ठरवले आहे. चौदाव्या कलमात आकडे सरळ लिहिलेले आहेत: पर्वताच्या उत्तर, पूर्व आणि वायव्य उतारांवर जास्तीत जास्त २५ मैल स्की-मार्ग, रुंदी ३० ते २०० फूट, आणि त्यातले १२० फुटांपेक्षा रुंद मार्ग ५ मैलांच्या वर नकोत. जमीन राज्याची, लिफ्ट राज्याच्या, चालवणारी संस्थाही राज्याचीच. तरी एक मैल वाढवायचा झाला तर मतदारांना विचारावे लागते.

या केंद्राचा इतिहास सहसा १९८० च्या हिवाळी ऑलिंपिकभोवती सांगितला जातो. आमच्या मते तो घटनेतल्या त्या एका वाक्याभोवती सांगायला हवा. कोणता उतार निवडला, किती बर्फ पाडावे लागते, पायथ्याशी हॉटेल का नाही, तोटा का होतो, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे शोधत गेले की आपण त्या वाक्यापाशीच येऊन पोचतो.

झाड तोडू नये

एकोणिसाव्या शतकात लाकूडतोडीने ॲडिरॉन्डॅक डोंगररांगा (व्हाइटफेस त्यांतच येतो) उघड्याबोडक्या होऊ लागल्या, तेव्हा न्यूयॉर्कने १८८५ मध्ये वन-राखीव क्षेत्र स्थापन केले आणि १८९२ मध्ये ॲडिरॉन्डॅक पार्कची हद्द आखली. तेवढ्याने भागेना. कायदा विधिमंडळ बदलू शकते, म्हणून १८९४ च्या राज्यघटनेतच तरतूद घातली गेली: या जमिनी कायम रानच राहतील, त्या विकता, भाड्याने देता किंवा बदलून देता येणार नाहीत आणि त्यांवरचे लाकूड विकता, हलवता वा नष्ट करता येणार नाही. १९३८ मध्ये कलमांना नवे क्रमांक मिळाले आणि ही तरतूद चौदाव्या कलमात गेली.

हे शब्द किती कडक आहेत ते १९३० मध्ये कळले. व्हाइटफेसजवळच्या लेक प्लॅसिड गावाला १९३२ चे हिवाळी ऑलिंपिक मिळाले होते आणि बॉबस्लेच्या, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीच्या, धावेसाठी राखीव जंगलातले साडेचार एकर आणि सुमारे अडीच हजार झाडे हवी होती. विधिमंडळाने मंजुरीही दिली होती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, म्हणजे कोर्ट ऑफ अपील्सने, ती घटनाबाह्य ठरवली. खेळ कितीही मोठा असला तरी घटनेत त्याला वाट ठेवलेली नाही, असा निकालाचा अर्थ. शेवटी धाव माउंट व्हॅन होवेनबर्गवर, राखीव क्षेत्राबाहेरच्या खासगी जमिनीवर बांधली गेली.

त्या निकालानंतर राज्याच्या डोंगरावर स्की-मार्ग काढायचा तर एकच रस्ता उरला: घटनादुरुस्ती. तिची पद्धत अशी. दुरुस्तीचा मजकूर विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत मंजूर व्हावा लागतो. मग निवडणूक होऊन नवे विधिमंडळ आले की त्यानेही तोच मजकूर पुन्हा मंजूर करायचा. त्यानंतर तो मतपत्रिकेवर जातो. गव्हर्नरच्या सहीची गरज नसते आणि त्याला नकाराधिकारही नसतो. स्की-मार्गाची कल्पना निघाल्यापासून पहिले झाड पडेपर्यंत चार वर्षे सहज जातात.

व्हाइटफेसला या वाटेची थोडी ओळख होती. शिखरापर्यंतच्या मोटाररस्त्यासाठी १९२७ मध्ये अशीच दुरुस्ती झाली होती आणि १९३५ मध्ये रस्ता खुला झाला. १९४१ च्या नोव्हेंबरात मतदारांनी स्कीइंगलाही होकार दिला. त्या वेळचे आकडे आजच्यापेक्षा बरेच लहान होते: २० मैल मार्ग, रुंदी ३० ते ८० फूट. १९४७ मध्ये राज्यातल्याच कॅट्सकिल डोंगरांतला बेलेअर आणि वॉरन काउंटीतला गोर या पर्वतांनाही घटनेत अशीच जागा मिळाली.

मार्बल माउंटनची चूक

१९४१ च्या परवानगीनंतर महायुद्ध मध्ये आले. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस राज्याने पहिले केंद्र बांधले ते व्हाइटफेसच्या खालच्या खांद्यावर, मार्बल माउंटनवर. ही निवड चुकली, आणि का चुकली हे समजून घेणे कोणत्याही स्की केंद्राच्या आखणीत आजही उपयोगी आहे.

उतार कागदावर बरोबर होता: दिशा योग्य, चढ योग्य, घटनेच्या चौकटीत. नकाशावर न दिसणारी गोष्ट होती वारा. उघड्या खांद्यावर वारा बर्फ साठू देत नाही, तो ते खरवडून बाजूच्या झाडीत नेऊन टाकतो. हिमवृष्टी भरपूर झाली तरी मार्गावर उरतो तो कडक थर आणि मध्येमध्ये डोकावणारे खडक. त्यात उंची कमी, म्हणजे हिवाळ्यातल्या उबदार दिवसांत वर बर्फ पडते तेव्हा इथे पाऊस. कृत्रिम बर्फाचे तंत्र तेव्हा बाल्यावस्थेत होते, त्यामुळे वाऱ्याने नेलेले भरून काढायला उपाय नव्हता. १९६० च्या सुमारास हे केंद्र बंद पडले. त्याची जुनी इमारत पुढे विद्यापीठाच्या वातावरण-संशोधन केंद्राच्या कामी आली.

डोंगरावरचा बर्फ किती *पडतो* यापेक्षा किती *टिकतो* हे मोजायला हवे, आणि त्यासाठी किमान दोन-तीन हिवाळे जागेवर खुंट्या रोवून जाडी नोंदवावी लागते. खासगी मालक चुकला तर उतार विकून दुसरीकडे जातो. इथे दुसरीकडे म्हणजे घटनेने नाव घेतलेल्या त्याच पर्वताची दुसरी बाजू, एवढाच अर्थ होता.

सुदैवाने ती बाजू चांगली होती. पूर्वेकडे, ऑसेबल नदीच्या पश्चिम शाखेच्या काठावर पायथा धरून सुमारे १,२२० फुटांपासून वर मार्ग काढले गेले. २५ जानेवारी १९५८ रोजी गव्हर्नर ॲव्हरेल हॅरिमन यांनी नवे केंद्र खुले केले. हा योग सुंदर होता. युनियन पॅसिफिक रेल्वेचे प्रमुख असताना हॅरिमन यांनीच १९३६ मध्ये आयडाहोत सन व्हॅली उभारली होती आणि जगातली पहिली चेअरलिफ्ट तिथेच चालली. स्कीइंगचा धंदा कसा उभा राहतो ते जाणणारा माणूस राज्याच्या प्रमुखपदी होता.

आज वरच्या चेअरलिफ्टचे टोक ४,३८६ फुटांवर आहे, म्हणजे लिफ्टने मिळणारी उतरण ३,१६६ फूट. त्याच्याही वर चालत जाऊन ‘द स्लाइड्स’ या नैसर्गिक दरडींच्या पट्ट्यात उतरता येते आणि मग उतरण ३,४३० फूट भरते. पूर्व अमेरिकेत याहून मोठी नाही. मात्र स्लाइड्स वर्षातले फारच थोडे दिवस उघडतात. तिथे खडकाच्या गुळगुळीत पाट्यांवर बर्फ धरायला काही नसते. खाली पाण्याचा ओघळ गोठून काच झाली असेल तर वरच्या ताज्या थराला घट्ट पकड मिळत नाही, आणि पट्टा उघडायचा की नाही हे स्की-पेट्रोलला, म्हणजे उतारांवरच्या सुरक्षा-पथकाला, रोज खोदून पाहून ठरवावे लागते.

ऐंशी फुटांत काय बसत नाही

८० फूट म्हणजे सुमारे २४ मीटर. १९४१ मध्ये हे भरपूर वाटले, कारण तेव्हाचे मार्ग झाडीतून वळणे घेत उतरणारे अरुंद पट्टे असत. लिफ्टची क्षमता वाढली तशी अडचण सुरू झाली. एका आसनावर दोघांऐवजी चौघे वर जाऊ लागले की तासाला दुप्पट माणसे माथ्यावर उतरतात, पण खाली यायची वाट तेवढीच राहते. बर्फ दाबून सपाट करणारे यंत्र एका फेरीत पाचेक मीटर पट्टा करते, त्याला वळायला आणि बाजूला बर्फ ढकलायला जागा लागते. शर्यतीचा प्रश्न वेगळाच. आजचे आंतरराष्ट्रीय नियम डाउनहिलसाठी (सरळ वेगाची शर्यत) साधारण ३० मीटर आणि जायंट स्लालमसाठी (खांबांमधून वळणे घेत उतरण्याची शर्यत) ४० मीटर रुंदी धरतात, आणि सुरक्षा-जाळ्या व झाडे यांच्यामध्येही अंतर हवे.

१९८७ मध्ये मतदारांनी नवे आकडे मंजूर केले: २५ मैल, २०० फुटांपर्यंत. एक हिशेब करून पाहू. जुन्या चौकटीत पूर्ण २० मैल ८० फुटांनी कापले तरी १९४ एकर होतात. नव्या चौकटीत २० मैल १२० फुटांनी आणि ५ मैल २०० फुटांनी धरले तर ४१२ एकर. एका ओळीतले काही आकडे बदलले आणि कमाल क्षेत्र दुपटीहून अधिक झाले. बेलेअर आणि गोरलाही त्याच दुरुस्तीत वाढीव जागा मिळाली. गोरचा वाटा मोठा, ४० मैलांचा.

रुंदी वाढली की पाण्याची गरजही वाढते, ही गोष्ट मात्र मतपत्रिकेवर कुठे लिहिलेली नसते.

पाणी, हवा आणि बाही

१९८० चे ऑलिंपिक १३ ते २४ फेब्रुवारी दरम्यान झाले. त्या हिवाळ्यात बर्फ इतके कमी पडले की व्हाइटफेसचे उतार यंत्रांनी झाकावे लागले. हिवाळी ऑलिंपिकमध्ये कृत्रिम बर्फ वापरले गेले ते इथे पहिल्यांदा. त्याच बर्फावर राखीव खेळाडू म्हणून आलेला ऑस्ट्रियाचा लिओनहार्ड श्टॉक डाउनहिल जिंकला, स्वीडनच्या इंगमार स्टेनमार्कने आणि लिख्टेनश्टाइनच्या हानी वेन्झेलने स्लालम व जायंट स्लालम अशी दुहेरी सुवर्णे घेतली. घट्ट, एकसारखा थर स्पर्धकांना आवडतो, कारण पहिला आणि चाळिसावा स्पर्धक जवळपास सारख्याच पृष्ठभागावरून जातो. पर्यटकाला तोच थर बर्फाच्या लादीसारखा लागतो. या केंद्राला ‘आइसफेस’ हे टोपणनाव पडले ते उगाच नाही.

एक मैल लांबीच्या मार्गावर ६० सेंटिमीटरचा पाया घालायचा आहे असे धरा. कृत्रिम बर्फाची घनता पाण्याच्या ४५ टक्के घेतली, तर ८० फूट रुंदीला सुमारे १ कोटी ६ लाख लिटर पाणी लागते. १२० फुटांना १ कोटी ५९ लाख. २०० फुटांना २ कोटी ६५ लाख. हे बाष्पीभवन आणि वाऱ्याने झाडीत जाणारा भाग सोडून.

हे पाणी नदीतून उचलून वर चढवायचे. लिफ्टची ३,१६६ फुटांची उतरण म्हणजे ९६५ मीटर, आणि तेवढ्या उंच पाण्याच्या स्तंभाचाच दाब सुमारे ९५ बार होतो. स्नो-गनला, म्हणजे पाणी फवारून बर्फ करणाऱ्या यंत्राला, लागणारा दाब वेगळा. एका पंपाने हे करायचे तर खालचे पाइप फार जाड घ्यावे लागतात, म्हणून अशा डोंगरांवर मध्येमध्ये बूस्टर पंपघरे ठेवतात. एक घनमीटर पाणी तळापासून माथ्यावर न्यायला सिद्धांतानेच २.६ युनिट वीज लागते. पंपाची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर पावणेचारच्या आसपास. जुन्या पद्धतीच्या गनमध्ये पाण्याबरोबर दाबाखालची हवा सोडतात, आणि ती दाबणारे कॉम्प्रेसर पंपांपेक्षाही जास्त वीज खातात. म्हणून कमी हवेवर चालणाऱ्या गनमध्ये घातलेला पैसा सहसा वीजबिलातूनच भरून निघतो.

गन सुरू करायच्या की नाही हे साध्या थर्मामीटरवर ठरत नाही. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या थर्मामीटरचे तापमान पाहायचे. ते उणे २ अंशांच्या खाली असले पाहिजे. हवा +२ अंश असूनही आर्द्रता ३० टक्के असेल तर ओले तापमान उणे २.८ च्या आसपास येते आणि गन चालतात. उलट हवा उणे १ अंश पण आर्द्रता ९५ टक्के असेल तर चालवून उपयोग नाही, पाणी थेंबाच्या रूपातच खाली पडते. नदीकाठच्या पायथ्याशी धुके असते तेव्हा नेमके हेच घडते: खाली गन बंद आणि वर कोरड्या हवेत चालू.

गन सुरू झाल्यावर कामगार फवाऱ्याखाली उभा राहून हात पुढे धरतो आणि जॅकेटच्या बाहीकडे पाहतो. कण बाहीवर पडून उसळले आणि झटकताच गेले तर बर्फ कोरडे आहे, पाणी थोडे वाढवता येईल. चिकटून राहिले पण कापड ओले झाले नाही, तर पायाच्या थरासाठी नेमके हवे तसे. बाहीवर चकाकी आली आणि कापड कडक झाले, तर पाणी जास्त होते आहे, व्हॉल्व्ह आवळा. रात्रभर दर गनपाशी ही तपासणी पुन्हा पुन्हा करायची असते, कारण तापमान दोन अंशांनी बदलले तरी मिश्रण बदलावे लागते. पाणी जास्त असलेली गन तासभर तशीच राहिली तर तिच्यासमोर बर्फाचा ढीग न होता निळसर गोठलेला उंचवटा होतो, आणि तो फोडायला सकाळी यंत्राचा वेळ जातो.

बंद करतानाचा क्रम तर चुकवून चालतच नाही. आधी पाणी बंद, हवा थोडा वेळ चालू ठेवून नोझल फुंकून कोरडे करायचे, मग हायड्रंटचे, म्हणजे होज जोडायच्या नळाचे, निचरा-छिद्र उघडले आहे ना ते बघायचे, होज सोडून उतारावर सरळ ताणून रिकामा करायचा. उणे १५ अंशांत पाणी राहिलेला होज काही मिनिटांत लाकडासारखा कडक होतो आणि तो पुन्हा वापरता यायला खोलीत वितळवावा लागतो. व्हॉल्व्ह झटक्यात बंद केला तर उभ्या पाइपातल्या पाण्याचा धक्का बसून जोड उखडतात. नदीकडेही लक्ष ठेवावे लागते. अतिथंड रात्री वाहत्या पाण्यात बर्फाचे बारीक स्फटिक तयार होऊन पंपाच्या जाळीवर साचतात, आणि सगळ्यात जास्त पाणी हवे असते नेमक्या त्याच रात्री उपसा मंदावतो.

वाऱ्याने मार्बलला संपवले, पण तो व्हाइटफेसवरही आहेच. ढगात बुडालेल्या माथ्यावर लिफ्टच्या दोरावर, चाकांवर आणि आसनांवर तुषारबर्फाचा पांढरा, खवलेदार थर चढतो. तो न काढता लिफ्ट सुरू केली तर दोर चाकांवरून घसरण्याचा धोका. म्हणून पहाटे मनोऱ्यांवर चढून हातोडीने तो पाडावा लागतो. लोक खाली रांगेत ताटकळतात, पण ‘वाऱ्यामुळे बंद’ ही पाटी आळसाने लागत नाही.

मालक एक, चालवणारा दुसरा

राज्याचे एक प्राधिकरण आणि संवर्धन खाते अशा हातांतून हे केंद्र गेले. ऑलिंपिकनंतर सगळ्या सुविधा कुणी सांभाळायच्या हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा १९८१ मध्ये राज्याने ऑलिंपिक रीजनल डेव्हलपमेंट ऑथॉरिटी, म्हणजे ‘ओर्डा’, स्थापन केली. १९८४ मध्ये गोर आणि २०१२ मध्ये बेलेअर तिच्याकडे आले. जमिनीची राखण पर्यावरण-संवर्धन खात्याकडे, चालवणे ओर्डाकडे, आणि १९७१ मध्ये स्थापन झालेली ॲडिरॉन्डॅक पार्क एजन्सी नियमांची तपासणी करणार. प्रत्येक नव्या लिफ्टसाठी आणि मार्गासाठी व्यवस्थापन-आराखडा बदलून, जनसुनावणी घेऊन, एजन्सीकडून मान्यता मिळवावी लागते. आराखड्यात मार्गांची लांबी आणि रुंदीचे गट यांचा तक्ता असतो, कारण घटनेतल्या मैलांचा हिशेब तिथेच लागतो. उंचावरच्या स्प्रूस-फरच्या पट्ट्यात बिकनेल्स थ्रश हा दुर्मीळ पक्षी घरटी करतो, त्यामुळे तिथली तोड विणीच्या हंगामात करता येत नाही.

या चौकटीत राहूनही वाढ झाली. १९९९ मध्ये लिटल व्हाइटफेसपर्यंत आठ आसनी गोंडोला आला, २००८ मध्ये लुकआउट माउंटनची लिफ्ट आणि तिथले नवे मार्ग. ३० नोव्हेंबर २०१९ ला मधल्या टप्प्यावरचे लॉज जळून गेले आणि नवे बांधले गेले. २०२३ च्या जानेवारीत जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धा झाल्या. त्यांच्या निमित्ताने लेक प्लॅसिडच्या परिसरात आणि ओर्डाच्या इतर केंद्रांवर राज्याने ५० कोटी डॉलरपेक्षा जास्त घातले.

टीका याच पैशावर होते, आणि ती गांभीर्याने घ्यायला हवी. ओर्डाला दरवर्षी राज्याच्या तिजोरीतून मदत लागते आणि शेजारच्या खासगी केंद्रांना ही स्पर्धा असमान वाटते. पण ताळेबंद वाचताना एक गोष्ट विसरली जाते. मोठी खासगी केंद्रे केवळ तिकिटांवर जगत नाहीत. पायथ्याची जमीन, तिथले फ्लॅट, हॉटेले यांतून भांडवल उभे राहते. व्हाइटफेसच्या राखीव जमिनीवर एकही खोली भाड्याने देता येत नाही, कारण जमीन विकू वा भाडेपट्ट्याने देऊ नये हे १८९४ चे शब्द जसेच्या तसे लागू आहेत. राहण्याचा पैसा विल्मिंग्टन आणि लेक प्लॅसिडमधल्या दुकानदारांना, घरमालकांना जातो. केंद्राचा तोटा आणि गावांची कमाई एकाच व्यवहारातून येतात. ती कमाई ओर्डाच्या हिशेबात दिसत नाही म्हणून ती नाहीच असे धरून केंद्र विकण्याचा सल्ला देणे आम्हाला चूक वाटते.

व्हॅन होवेनबर्गचा उशिरा आलेला हिशेब

बॉबस्लेची धाव १९३० च्या निकालामुळे जिथे गेली, त्या माउंट व्हॅन होवेनबर्गवर पुढच्या दशकांत क्रॉस-कंट्री मार्ग, बायथलॉनची (स्कीइंग आणि नेमबाजी एकत्र) जागा, इमारती वाढत गेल्या. त्यातला मोठा भाग राज्याच्या राखीव जमिनीवर होता. व्हाइटफेस, गोर, बेलेअर यांची नावे घटनेत होती, व्हॅन होवेनबर्गचे नव्हते. २०२१ मध्ये कोर्ट ऑफ अपील्सने स्नोमोबाइल-मार्गांच्या खटल्यात हजारो झाडांची तोड घटनाबाह्य ठरवली, तेव्हा हे लोंबकळत ठेवणे किती धोक्याचे आहे ते सर्वांना दिसले.

मग तीच जुनी वाट: दोन विधिमंडळे आणि मतपत्रिका. नोव्हेंबर २०२५ मध्ये मतदारांनी दुरुस्ती मंजूर केली. संकुलाच्या १,०३९ एकर राखीव जमिनीवर स्कीइंगचे मार्ग आणि सुविधा यांना मान्यता मिळाली, आणि बदल्यात राज्याने ॲडिरॉन्डॅक पार्कमध्ये आणखी २,५०० एकर जमीन राखीव क्षेत्रात घालायची आहे. व्हाइटफेसचे २५ मैल मात्र १९८७ च्या मतदानात ठरले तेवढेच आहेत.